आवाज आणि गाण्याचं एडिटिंग: नव्याने शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पॉडकास्ट, मुलाखती आणि आमच्या इकडच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंग एडिट करतो. तेच तेच प्रश्न फोनवर येतात, रात्री साडेदहाला पण येतात, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं. क्रम फारसा लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

ऑडॅसिटी. फुकट आहे, २००० सालापासून आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं आणि कुठे अडलात तर उत्तर लगेच सापडतं कारण वापरणारे भरपूर आहेत. गाण्याचे आठ-दहा ट्रॅक एकदम सांभाळायची वेळ आली की रीपर बघा, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं क्रॅक व्हर्जन नको, एकतर त्यातून व्हायरस यायची भीती आणि दुसरं म्हणजे नेमकं काम द्यायच्या दिवशीच ते उघडत नाही.

वेव्ह का एमपीथ्री? ४४.१ का ४८?

काम संपेपर्यंत वेव्ह, एमपीथ्री फक्त शेवटी बाहेर पाठवताना. एमपीथ्री बनवताना कानाला कमी जाणवणारा भाग फेकून दिला जातो आणि तो परत येत नाही, त्यामुळे एमपीथ्री उघडायची, एडिट करायची आणि परत एमपीथ्रीच करायची म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती हजार मापं घ्यायची ते, व्हिडिओला जाणार असेल तर ४८ किलोहर्ट्झ, नुसतं गाणं असेल तर ४४.१ पण चालतं, सीडीचं तेच माप आहे. दोन्हीत जे घ्याल ते अख्ख्या प्रोजेक्टला एकच ठेवा. बिट (प्रत्येक माप किती बारकाईने लिहायचं ते) २४. जागेचा हिशोब विचारतात बरेच जण, तर ४८ आणि २४ ला मोनो (एकाच चॅनलचा) आवाज मिनिटाला साधारण ८.६ एमबी, म्हणजे तासाला अर्धा जीबी. एका लग्नाचे फोटो याहून जास्त जागा खातात.

लेव्हल किती ठेवू? आणि फाटलेला आवाज नंतर नीट होतो का?

नेहमीच्या बोलण्यात मीटर -१८ ते -१२ डेसिबलच्या मध्ये खेळू दे (शून्य म्हणजे छत, त्याच्या वर जागा नाही), हसताना ओरडताना -६ पर्यंत गेला तरी चालेल. बारीक आवाज येतोय म्हणून लोक घाबरून गेन (माइकचा आवाज आत घ्यायचं बटण) चढवतात आणि मग पाहुणा खळखळून हसला की सगळं लाल. २४ बिटमध्ये हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, पण शून्याला जाऊन आपटलेल्या आवाजात लाटेचं डोकंच छाटलं जातं आणि ते डोकं कसं होतं हे कॉम्प्युटरला माहीत नसतं. डीक्लिप वगैरे इफेक्ट अंदाजाने काढून देतात, एखाद-दुसऱ्या शब्दाला निभावतं, अख्खी मुलाखत फाटली असेल तर पाहुण्याला चहा पाजा आणि परत बसवा.

घरात पंखा, कुकर, रिक्षा, कावळे. स्टुडिओ कुठून आणू?

स्टुडिओ नकोच. बेडरूम घ्या, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा, त्याच्या समोर बसा, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाका. नुसत्या फरशीच्या आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि ते घुमणं एडिटिंगमध्ये निघता निघत नाही, पंख्याच्या घरघरीपेक्षा ते जास्त त्रासाचं. पंखा बंद, मे महिना असला तरी बंद, दर दहा मिनिटांनी ब्रेक घ्या. फ्रीज बंद केलात तर घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे जाताना परत चालू करायचं विसरणार नाही, जुनी युक्ती आहे पण मी दोनदा दूध नासवून मग शिकलो.

माइक तोंडापासून एक वीत, थोडा तिरका. आणि सुरुवातीला किंवा शेवटी अर्धा मिनिट कोणीही काही न बोलता खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. लोकांना हे येडेपणाचं वाटतं. पण मध्येच कुकरची शिट्टी कापून टाकली की तिथे ठार शून्य ठेवता येत नाही, फोन कट झाला असं वाटतं, त्या जागी हीच शांतता चिकटवायची असते.

नॉइज रिडक्शन मारलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा का होतो?

कारण जास्त मारलंत. ऑडॅसिटीत आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा सिलेक्ट करून प्रोफाइल घ्यायचं (वर सांगितलेली अर्ध्या मिनिटाची शांतता इथेही कामाला येते) आणि मग पूर्ण ट्रॅकवर लावायचं. किती डेसिबल कमी करायचं ते तिथे लिहायचं असतं, मी ६-८ ठेवतो. तिथेच रेसिड्यू म्हणून एक पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू केला की काय काढून टाकलं जाणार आहे तेच ऐकू येतं. त्यात नुसती घरघर आली तर ठीक, त्यात शब्द ऐकू यायला लागले तर तुम्ही आवाजच खरवडताय. थोडा पंखा राहिला तर राहू दे हो, ऐकणाऱ्याच्या घरात पण पंखा चालूच असतो.

नॉइज गेट (ठरावीक पातळीपेक्षा हळू आवाज आपोआप बंद करणारा इफेक्ट) मराठीला त्यातल्या त्यात सांभाळून. आपलं निम्मं बोलणं 'आहे'ने संपतं आणि त्यातला 'हे' बहुतेकांच्या तोंडून हवेसारखा निघतो, गेट तो गिळतं. 'म्हातारा', 'म्हणून' मधला ह पण तसाच. एकदा एका मुलाखतीत प्रत्येक वाक्य 'मी शिक्षक आ' असं संपत होतं आणि मला ते पाठवून झाल्यावर कळलं.

मागे सतत 'घूंऽऽ' येतंय, ते काय?

विजेचं आहे ते. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज, म्हणून घूं ५० वर येतं आणि त्याची पिल्लं १००, १५० वर. अमेरिकन व्हिडिओ बघून शिकणारे ६० हर्ट्झवर नॉच (तेवढीच एक बारीक पट्टी कापणारा फिल्टर) लावून बसतात आणि मग म्हणतात काही फरकच पडत नाही. नॉच लावायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा घूं तिथेच मरतं.

कट मारला की 'टक्' असा आवाज येतो

आवाजाची लाट मधल्या रेषेच्या वर-खाली जात असते. तुम्ही ती वर असताना कापली आणि पुढचा तुकडा खाली असताना सुरू झाला की स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो, तोच टक्. लाट मधल्या रेषेवर असताना कापा, ऑडॅसिटीत सिलेक्शन करून झेडचं बटण दाबलं की ते कडा आपोआप जवळच्या शून्यावर सरकवतं. तरी आला तर ५-१० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा वर येतो.

बोलणारा अडखळला आणि वाक्य परत बोलला. नेमकं कुठे कापू?

एडिटिंग म्हणतात ते खरं हेच, बाकी बटणं आहेत. समजा पाहुणा म्हणाला, "आम्ही परवा पंढर... आम्ही परवा पंढरपूरला गेलो." सगळे पहिला तुकडा उडवतात, सोपं आहे. पण बऱ्याचदा पहिल्या वेळचं "आम्ही परवा" जास्त जिवंत असतं, दुसऱ्या वेळी माणूस सावरून, जरा शाळेत वाचल्यासारखं बोलतो. मग पहिलं "आम्ही परवा" ठेवायचं आणि दुसरं "पंढरपूरला गेलो" जोडायचं, आणि जोड 'पं'च्या बरोबर आधी. का, तर प, त, ट, क म्हणताना तोंड किंवा घसा क्षणभर पूर्ण बंद होतो आणि मग अक्षर फुटतं. झूम करून बघा, 'प'च्या आधी लाट जवळपास सपाट झालेली दिसते, टाचणीएवढी जागा. तिथे कात्री चालवलीत तर देवाला पण कळणार नाही. याउलट 'आऽ'च्या मध्ये कापलंत तर सूर चढत असतो किंवा उतरत असतो आणि जोड लगेच ऐकू येतो. 'स', 'श' मध्ये नाइलाजाने कापावं लागलं तर छोटा क्रॉसफेड देऊन निभावतं, ते सुरात नसतातच, नुसती हवा असते.

दुसरं म्हणजे सूर बघा. वाक्य संपताना आपला आवाज खाली येतो. संपलेल्या वाक्याचा शेवटचा शब्द उचलून मध्ये चिकटवला तर शब्द बरोबर पण माणूस मध्येच थांबून परत सुरू झाल्यासारखा वाटतो. जोड तपासताना पाच सेकंद मागून, डोळे मिटून ऐका. स्क्रीनकडे बघत ऐकलंत तर डोळे सांगतात इथे जोड आहे आणि कान मुकाट्याने हो म्हणतात.

'म्हणजे', 'ॲक्च्युअली', श्वास, थांबणं. सगळं काढून टाकायचं ना?

नाही. मी सुरुवातीला काढायचो. एका निवृत्त मास्तरांची मुलाखत केली होती, ऐंशीच्या पुढचं वय, एक तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं ते मी घासून पुसून बेचाळीस मिनिटांवर आणलं, एक श्वास ठेवला नाही, एक 'म्हणजे' ठेवलं नाही, आणि फार खूश होऊन त्यांच्या घरी ऐकवलं. त्यांची सून म्हणाली, "छान आहे, पण आबा एवढ्या घाईत कधी बोलतात?" मास्तर स्वतः काही बोलले नाहीत. घरी येऊन मूळ फाइल परत उघडली तर कळलं, ते गिरणी बंद पडल्याचं सांगताना चार सेकंद गप्प बसले होते आणि मी ते चार सेकंद कापले होते. 

तर आता असं करतो: अडखळल्यामुळे आलेला 'म्हणजे' काढायचा, विचार करताना आलेला ठेवायचा. ओळीने तीन आले तर एक ठेवायचा. श्वास काढायचा नाही, फार मोठा असेल तर ६-८ डेसिबल खाली करायचा. ट्रंकेट सायलेन्स नावाचा इफेक्ट सगळ्या थांब्यांना एकाच मापाने छाटतो, बातम्यांना ठीक आहे, माणसांना नाही.

'स' टोचतो आणि 'फ', 'भ' ला धप्प होतं

धप्पला माइक तिरका करणं हाच खरा इलाज. राहिलंच तर तेवढ्याच अक्षरावर १०० हर्ट्झच्या खालचं कापा, पूर्ण ट्रॅकवर नको. 'स' साठी डी-एसर (टोचणारा 'स' तेवढाच दाबणारा इफेक्ट), साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या मध्ये. मराठीत 'चमचा', 'जरा' यातले च आणि ज पण तिथेच टोचतात, त्यामुळे नुसतं 'स' ऐकून सेटिंग ठरवू नका, आणि 'चमचा'चा 'शमशा' झाला की समजा फार झालं.

ईक्यू, कंप्रेसर वगैरे कुठल्या क्रमाने लावू?

आधी कापाकापी, मग नॉइज, मग ईक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करणं), मग कंप्रेसर, मग डी-एसर, सगळ्यात शेवटी लाउडनेस. कंप्रेसर हळू-मोठ्यातला फरक कमी करतो, म्हणजे त्याच्यानंतर आवाज वाढवला की मागचा पंखा पण वर येतो, म्हणून नॉइज आधी. बोलण्याला ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे टेबलाला बसलेले धक्के आणि रस्त्यावरचा ट्रक याशिवाय काही नसतं. खोक्यात बसून बोलल्यासारखं वाटलं तर ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल कमी करा. कंप्रेसरचा रेशो (दाबायचं प्रमाण) ३:१ वर, मोठ्या शब्दांना ३ ते ६ डेसिबल दाबेल एवढाच.

तेच ८० चं कापणं सवयीने तबल्याच्या ट्रॅकवर लावू नका, डग्ग्याचा 'घे' पोकळ होतो.

भजन नऊ मिनिटांचं आहे, मला चार मिनिटांचं हवंय. ताल न मोडता कसं कापू?

समेवरून समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवरून पहिल्या मात्रेवर. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे जे काढाल ते पूर्ण आवर्तनांत (ठेक्याच्या पूर्ण फेऱ्यांत) निघालं पाहिजे, आठ, सोळा, चोवीस मात्रा, मध्ये काही नाही. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि आवर्तन चार सेकंदांचं, तेवढा अंदाज घेऊन मग कानाने सम पकडा. कट समेच्या बोलाच्या किंचित आधी, आघात पूर्ण नव्या तुकड्यातलाच आला पाहिजे. टाळाचा झंकार मागे लोंबत असतो, तो मध्येच तुटतो, पण पुढचा टाळ त्याच क्षणी वाजला तर तो झाकून टाकतो, म्हणून पण सम बरी.

इथे नवीन माणूस कुठे फसतो, तर लय. भजन क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजत नाही, चढत जातं. दुसऱ्या मिनिटातलं आवर्तन सातव्या मिनिटाला नेऊन जोडलंत तर ठेका एकदम पळायला लागतो. त्यामुळे एकच मोठा तुकडा उडवण्यापेक्षा ध्रुवपद चार वेळा घेतलंय तिथे दोनदा ठेवा, एक कडवं आणि त्याच्यामागचं ध्रुवपद काढा, असे जवळजवळचे छोटे कट मारा. लय मग हळूहळूच चढल्यासारखी वाटते.

आणि गाणारा समेवर सुरू करत नाही, तो मुखडा (ओळीची सुरुवात) आधीपासून उचलून समेवर येतो. समेला कापलंत तर मुखड्याचं शेपूट जुन्या ओळीचं आणि डोकं नव्या ओळीचं होतं. वेगवेगळे ट्रॅक असतील तर ठेका समेवर कापा आणि गळा मुखड्याच्या आधीच्या श्वासात कापा, दोन्ही कट एकाच रेषेत असायची सक्ती कुणी केलेली नाही. सगळं एकाच फाइलमध्ये असेल तर दोन्हीकडे तोच मुखडा आलाय अशी जागा शोधा. पेटीचा स्वर पण दोन्ही बाजूंना तोच हवा. तंबोरा वेगळा रेकॉर्ड केला असेल तर त्याला हातच लावू नका, तो खालून सलग वाहू दे, निम्मे जोड तोच लपवतो.

तपासायला मंडळातल्या पखवाजवाल्याला ऐकवा. मी एकदा फार सफाईने केलेला कट ऐकवला, स्क्रीनवर सगळं सरळ रेषेत होतं, तो न बघताच म्हणाला, "अर्धी मात्रा खाल्लीस." खाल्ली होती.

बेसूर गाणं ऑटोट्यूनने सुधारेल का?

सरळ स्वर लावणाऱ्या गाण्यात थोडंफार. आपल्या गाण्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असते, आंदोलन (स्वर हलता ठेवणं) असतं, दरबारीतला गंधार तर हलता आणि पेटीच्या पट्टीपेक्षा खालीच लागतो, आणि ऑटोट्यून त्याला ओढून पट्टीवर उभा करतं. एखादाच स्वर हाताने दुरुस्त करा, पूर्ण ट्रॅकवर लावू नका. पेटी ४४० हर्ट्झला, म्हणजे ऑटोट्यून धरून चालतं त्या मापाला, मिळवलेली आहे असं पण धरून चालू नका, आधी तपासा, नाहीतर गळा पेटीला सोडून तिसरीकडेच जाईल.

दोन माइक लावले तर आवाज पातळ झाला

आवाज १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक गाणाऱ्यासमोर, दुसरा तीन मीटरवर पखवाजासमोर, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज दुसऱ्या माइकमध्ये जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळले की काही भाग एकमेकांना खोडतात. दोन्ही ट्रॅक मोनोत ऐका, एकाला इन्व्हर्ट करून (लाट वरची खाली उलटवून) बघा, ज्यात आवाज भरीव वाटेल ते ठेवा. नाहीतर सरळ एक ट्रॅक बराच खाली करा.

पार्श्वसंगीत किती ठेवू? आणि दहा सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं चालतं ना?

बोलण्यापेक्षा १८-२० डेसिबल खाली. मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, शब्द समजून घ्यायला जोर लावावा लागला तर अजून खाली. शब्द असलेलं गाणं बोलण्याखाली नकोच.

दहा सेकंदांचं जे म्हणताय ते पूर्ण अफवा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अमुक सेकंद फुकट असं काही नाही. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्याला लावलेली चाल संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या हक्कात, आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. त्यापेक्षा ओळखीच्या पेटीवाल्याकडून स्वतःचं दोन मिनिटांचं वाजवून घ्या, पैसे द्या आणि परवानगी लिहून घ्या.

आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट डिजिटल केली, आवाज वरच्या स्वरात, बारीक झालाय

टेप वेगाने फिरतेय. डेक-डेकमध्ये फरक असतो. घरात कुणाला आठवत असेल की आजोबा काळी एकमध्ये गायचे आणि फाइल काळी दोनला लागतेय, तर दोन स्वरांचा फरक आहे (मध्ये पांढरी दोन येते), एका स्वराला साधारण ६ टक्के वेग. नुसता पिच (स्वराची उंची) बदलायचा नाही, वेग आणि पिच एकत्र बदलणारा इफेक्ट घ्यायचा, कारण टेपने दोन्ही एकत्रच बिघडवलंय. आणि पहिल्या वेळेलाच पूर्ण कॅसेट रेकॉर्ड करून घ्या, जुनी टेप दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नाही.

लाउडनेस किती?

पॉडकास्टला -१६ लफ्स (LUFS, कानाला एकूण किती मोठं वाटतं ते मोजायचं माप), ॲपल तेच सांगतं, मोनो फाइल असेल तर -१९. स्पॉटिफाय गाणी -१४ ला आणतं. पीक (सगळ्यात उंच टोक) -१ डेसिबलच्या वर नको. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये -२३ लिहिलेलं दिसेल, ते युरोपातल्या टीव्ही-रेडिओचं माप, तसंच ठेवलंत तर लोक म्हणतील आवाज येत नाही.

ब्लूटूथ हेडफोन चालेल का?

ऐकायला हो, कापायला नाही. तुम्ही बटण दाबता आणि आवाज उशिरा येतो, समेवर कट मारणं विसरा. वायरवाला घ्या, साधा असला तरी.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर?

डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवा, मूळ फाइल तशीच जाते. व्हॉइस नोट करून पाठवलेला आवाज दाबूनच येतो, त्यातून पॉडकास्ट करून द्या म्हणणारे दर महिन्याला एक तरी भेटतात. पोचली की मूळ फाइलला 'मूळ' असं नाव देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये आणि शिवाय दुसऱ्या डिस्कवर ठेवा, एडिट नेहमी कॉपीवर. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हीच' अशी नावं माझ्याकडे पण आहेत, आता नुसती तारीख टाकतो.